दोस्ताबरोबर मेक्सिकोला निघायचंय? तिकीट काढायच्या आधी हे वाचा

मी आणि माझा दोस्त, दोघं बावीस दिवस मेक्सिको फिरून आलो आणि आल्यापासनं तालमीच्या कट्ट्यावर, चहाच्या गाड्यावर, अगदी लग्नाच्या पंगतीत सुद्धा लोक तेच तेच विचारतात, व्हिसा कसा काढला, किती गेले, खायला काय मिळतं, तिकडं गोळ्या घालतात म्हणे खरं काय. म्हणून एकदाच नीट लिहून काढतोय. हे कोल्हापुरातनं स्वतःच्या हिमतीवर निघणाऱ्या दोघांसाठी आहे, टूर कंपनीबरोबर जाणार असाल तर यातलं निम्मं तुम्हाला लागायचं नाही.

पहिलं काम म्हणजे दोघांनी एक संध्याकाळ रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसायचं, मोबाईल बाजूला ठेवायचा आणि चार गोष्टी तोंडावर बोलून घ्यायच्या. पैसे कसे वाटायचे, खायचं काय, सकाळी किती वाजता उठायचं आणि एखाद्या दिवशी एकाला संग्रहालय आणि दुसऱ्याला नुसतं झोपायचं असलं तर काय. मी हे मनापासून सांगतोय कारण आमची मैत्री वीस वर्षांची, शाळेपासनंची, तरी आम्ही कधी सलग तीन दिवसांच्या वर एका खोलीत राहिलो नव्हतो, गोव्याच्या ट्रिपा वेगळ्या आणि हे वेगळं. आमच्यात दोस्त पक्का शाकाहारी आणि मी तांबड्या-पांढऱ्यावर वाढलेला, तो पहाटे पाचला उठणार, मी आठच्या आधी डोळा उघडणार नाही. हे सगळं आधी बोललो म्हणून पुढं निभावलं. आमचं ठरलं ते असं, सकाळी नऊपर्यंत जो तो आपल्या मर्जीनं, नवानंतर एकत्र, आणि दर पाच दिवसातला एक दिवस पूर्ण वेगवेगळा, संध्याकाळी जेवायला भेटायचं. तो वेगळा दिवस कुणी रुसलं म्हणून घ्यायचा नसतो, आधीच कॅलेंडरवर लिहून ठेवायचा.

व्हिसा दोघांचा वेगवेगळा बघा

इथं लोक सगळ्यात जास्त फसतात. भारतीय पासपोर्टला मेक्सिकोचा व्हिसा लागतो, पण तुमच्याकडं अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेनचा (म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच असतो तो) चालू व्हिसा असला तर त्यावरच मेक्सिकोत पर्यटक म्हणून १८० दिवसांपर्यंत जाता येतं, वेगळा व्हिसा काढावा लागत नाही. माझ्याकडं कामानिमित्त काढलेला अमेरिकेचा होता, दोस्ताकडं काहीच नव्हतं. माझ्या व्हिसावर त्याला काही सवलत नाही, बरोबर जाणार म्हणून काही नाही, प्रत्येकाचं कागदपत्र प्रत्येकाचं. मग त्याला दिल्लीच्या दूतावासाची अपॉइंटमेंट घेऊन स्वतः जावं लागलं, बँकेचे स्टेटमेंट, नोकरीचं पत्र, सगळी फाईल घेऊन. त्यामुळं ज्याला व्हिसा काढायचाय त्याच्या तारखेवर सगळा प्लॅन बांधा, ज्याच्याकडं आहे त्याच्या नाही. पासपोर्ट अजून नसला किंवा संपत आला असला तर आपल्या कोल्हापुरातच पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्रात काम होतं, पुण्याला पळायची गरज नाही, प्रवासाच्या तारखेनंतर निदान सहा महिने शिल्लक असू देत.

तिकिटाचं पण यालाच जोडून आहे. भारतातनं मेक्सिकोला थेट विमान नाही, कुठंतरी बदलावं लागतंच. मला एक स्वस्त तिकीट सापडलं, अमेरिकेवरनं जाणारं, मी पैसे भरणारच होतो, तेवढ्यात दोस्त म्हणाला जरा थांब, मला तिथं उतरू देतील का. बरोबर होतं त्याचं. अमेरिकेत नुसतं विमान बदलायला सुद्धा व्हिसा लागतो, विमानतळाबाहेर पाय टाकायचा नसला तरी. युरोपात सुद्धा काही देशांत भारतीय पासपोर्टला ट्रान्झिट व्हिसा मागतात म्हणून ज्या देशात विमान बदलणार त्याचा नियम त्या आठवड्यात परत तपासा. आम्ही शेवटी इस्तंबूलवरनं गेलो, आणि जाताना मेक्सिको सिटीत उतरून परत येताना कानकूनहून बसलो, म्हणजे फिरून परत राजधानीला यायचे दोन दिवस वाचले. असं तिकीट शोधताना साइटवर ‘मल्टी-सिटी’ नावाचा पर्याय असतो तो वापरा. आणि सगळे टप्पे एकाच बुकिंगमध्ये घ्या, तुकडे तुकडे जोडून चार पैसे वाचवलेत आणि एक विमान चुकलं की पुढचं सगळं तुमच्या अंगावर.

मुंबईपर्यंतचा प्रवास हलक्यात घेऊ नका. विमान पहाटेचं असलं तर आदल्या रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसनं जाऊन भागत नाही, एक पूर्ण दिवस हातात ठेवून निघा. ट्रॅव्हल्सनं जाणार असाल तर हायवेचं काम, खंबाटकी, एक्सप्रेसवे, तीन ठिकाणी तास तास जाऊ शकतो. मुंबईत पाहुण्यांकडं एक रात्र काढलेली परवडली.

कुठनं कुठं जायचं

मेक्सिको नकाशावर वाटतो त्यापेक्षा लय मोठा आहे, भारताच्या जवळपास साठ टक्के क्षेत्रफळ. तीन आठवड्यात सगळा बघायचा म्हणणाऱ्याला मी हात जोडतो. आम्ही एकच रेघ पकडली, मेक्सिको सिटी, मग वाहाका, मग चियापासमधलं सान क्रिस्तोबाल, पालेंके, तिथनं मेरिदा, वायादोलीद आणि शेवटी कानकून. पाच दिवस राजधानी, पाच दिवस वाहाका, बाकी ठिकाणी दोन-तीन. परत जाईन तेव्हा सुद्धा हीच रेघ घेईन आणि एक गाव कमीच करीन.

कधी जायचं तर नोव्हेंबर ते मार्च. पाऊस साधारण जून ते ऑक्टोबर, कॅरिबियन किनाऱ्याला वादळांचा मोसम पण जून ते नोव्हेंबरचा. नाताळ आणि ईस्टरचा आठवडा टाळा, तेव्हा सगळा मेक्सिकोच फिरायला बाहेर पडतो. जमलं तर १ आणि २ नोव्हेंबर तिथं असा. दिया दे मुएर्तोस म्हणजे मेलेल्या माणसांची आठवण काढायचा सण, आपल्या पितरांसारखं घरात पान वाढतात, वारलेल्याच्या आवडीचं खाणं ठेवतात, आणि सगळीकडं झेंडू. झेंडूचे ढीग, झेंडूच्या पाकळ्यांच्या वाटा, स्मशानात झेंडू. झेंडू मूळचा मेक्सिकोचाच, तिकडं त्याला सेंपासुचिल म्हणतात. दसऱ्याला दाराला तोरण बांधणारे आपण, ते बघून दोघं पण गप्प उभे राहिलो. फक्त त्या आठवड्यासाठी वाहाकातली खोली चार-पाच महिने आधी बुक करा.

बॅगेत काय

मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासनं २,२४० मीटरवर आहे, महाबळेश्वर साधारण १,३५० वर, यावरनं अंदाज घ्या. सान क्रिस्तोबाल पण जवळपास तेवढंच उंच, रात्री चांगलं गारठतं, आणि मेरिदात मात्र घामाच्या धारा. म्हणून एक स्वेटर, एक शाल आणि बाकी सुती. शाल विसरू नका, लांबच्या बसमधला एसी हाडं गोठवतो. वीज तिकडं १२७ व्होल्ट आणि पिन चपट्या दोन पायांची, मोबाईलचा चार्जर अडॉप्टर लावून चालतो पण इथली इस्त्री, किटली नेऊ नका. बाथरूममध्ये जेट नसतो, एक छोटी बाटली जवळ ठेवा, आणि बऱ्याच ठिकाणी कागद कमोडमध्ये टाकत नाहीत, शेजारच्या डब्यात टाकायचा. सार्वजनिक संडासाला पाच-दहा पेसो घेतात, तेवढी चिल्लर खिशात हवी.

ई-सिगारेट, व्हेप असलं काही नेऊ नका, तिकडं आणायला बंदी आहे. सर्दीच्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असेल तर ती पण घरी ठेवा, तिकडं चालत नाही. रोजची औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीसकट आणि पाकिटासकट न्या, ओआरएसच्या पुड्या पाच-सहा टाका. ताजी फळं, बिया, मांसाचं काही नको. चटणी-लोणच्याचा हट्ट दोस्तानं धरला होता, मी म्हणालो मिरचीच्या गावाला चटणी कशाला, आणि तसंच झालं.

उतरल्यावर

इमिग्रेशनला हॉटेलचं बुकिंग आणि परतीचं तिकीट कागदावर छापलेलं हातात ठेवा, मोबाईलची बॅटरी तिथंच संपते. अधिकारी शिक्का मारतो त्यात किती दिवस दिलेत ते तिथंच उभं राहून वाचा, १८० पर्यंत देता येतात पण देतीलच असं नाही, कमी पडणार असतील तर काउंटर सोडायच्या आधी बोला. विमानतळावरनं शहरात जायला आतल्या खिडकीवर पैसे भरून मिळणारी टॅक्सी किंवा उबर, दिदी या ॲपवरची गाडी. बाहेर हात धरून ओढणाऱ्यांबरोबर जायचं नाही. आणि पुढं देशांतर्गत विमान काढलंत तर कुठल्या विमानतळाचं ते बघा, २०२२ पासनं राजधानीला फेलिपे आंखेलेस नावाचा दुसरा विमानतळ पण आहे, तो शहरापासनं बराच लांब.

पहिला दिवस उंचीसाठी सोडा. जिना चढताना धाप लागते, डोकं जड होतं, पाणी पीत राहायचं. आम्ही पहिल्याच दिवशी तेओतिवाकानला जायचं ठरवलं होतं, सूर्याचा तो मोठा पिरॅमिड बघायला, पण दोस्ताचं डोकं एवढं दुखायला लागलं की बसनं निम्म्यातनं परत आलो. तिसऱ्या दिवशी गेलो आणि मजेत फिरलो. नळाचं पाणी पिऊ नका, तिथले लोक पण पीत नाहीत, प्रत्येक घरात वीस लिटरचा जार असतो, तिथनं बाटली भरून घ्यायची.

घरी फोन करायची वेळ पण ठरवून ठेवा. मेक्सिको सिटीपेक्षा आपण साडेअकरा तास पुढं, म्हणजे घड्याळ जवळपास उलटंच, तिथले सकाळचे आठ म्हणजे इथले संध्याकाळचे साडेसात. आईला तेवढंच सांगून ठेवलं की रोज संध्याकाळच्या जेवणाआधी मेसेज येणार.

पैशाचं

पेसोची खूण डॉलरसारखीच असते, $, त्यामुळं पहिल्यांदा मेनू बघून छातीत धस्स होतं. एक पेसो साधारण पाच रुपयांच्या आसपास धरा, निघताना भाव बघून घ्या. रोख लागतेच, बाजारात, टपरीवर, गावातल्या बसला कार्ड चालत नाही. एटीएम बँकेच्या आतलं वापरा आणि मशीन विचारतं की आमच्या भावानं रुपयात बदलून देऊ का, तिथं ठामपणे नको म्हणायचं. मी पहिल्यांदा हो दाबलं आणि रात्री हिशोब केला तेव्हा कळलं भाव किती मारला होता ते, वाईट वाटलं, तो दोघांचा पैसा होता.

दोघांचा खर्च कसा करायचा तर आम्ही एक सामायिक पाकीट केलं. रोज सकाळी दोघांनी सारखी रक्कम त्यात टाकायची, खोली, बस, टॅक्सी, पाणी त्यातनं. जेवण मात्र ज्याचं त्याचं. शाकाहारी माणसाचं बिल नेहमी कमी येतं आणि त्यानं तुमच्या मटणाचे पैसे का भरायचे, हे तोंडावर कुणी म्हणत नाही पण पंधराव्या दिवशी चेहऱ्यावर दिसतं. पाकीट एक दिवस त्याच्याकडं, एक दिवस माझ्याकडं. पासपोर्ट आणि जास्तीचं कार्ड दोघांची वेगवेगळ्या बॅगेत, एक बॅग गेली तर दोघं एकदम अडकायला नकोत. हॉटेलात दहा ते पंधरा टक्के टिप देतात, द्या, तिथल्या वेटरांचा संसार त्यावर चालतो.

खाणं, यावर मी जास्त लिहिणार

कोल्हापूरच्या माणसानं मेक्सिकोला जावं ते खाण्यासाठीच. आपला तांबडा रस्सा ज्या मिरचीनं लाल होतो ती मिरची मूळची तिकडची, पोर्तुगीजांच्या जहाजातनं आपल्याकडं आली. टोमॅटो तिकडचा, मका तिकडचा, चिकू सुद्धा तिकडचा, बाजारात चिकोसापोते म्हणून पाटी दिसते, आत बघितलं तर आपला चिकूच. सुक्या मिरच्यांची दुकानं असतात, आंचो, ग्वाहियो, पासिया, चिपोत्ले, प्रत्येकीचा वास वेगळा, कुठली भाजायची, कुठली भिजवायची हे त्या बाया एवढ्या मायेनं सांगतात, भाषा कळत नसली तरी हातवाऱ्यानं कळतं. मोले नावाचा जो घट्ट रस्सा असतो त्यात मिरच्या, तीळ, दाणे, मसाले सगळं भाजून वाटलेलं असतं. पाट्यासारखा दगड असतो, मेताते म्हणतात, खलबत्त्यासारखा मोल्काहेते असतो. मी तिथं उभा राहून आजीच्या स्वयंपाकघरात असल्यासारखा वास घेत होतो.

मका ते चुन्याच्या पाण्यात शिजवतात, मग धुवून दळतात आणि त्याच्या भाकऱ्या थापतात, तोर्तिया. मैद्याच्या नाहीत, मक्याच्याच मागा. सकाळी आतोले प्या, मक्याच्या पिठाचं गरम पेय, आंबिलीच्या भावकीतलं. आणि काफे दे ओया, मातीच्या भांड्यात दालचिनी आणि पिलोन्सियो घालून केलेली कॉफी. पिलोन्सियो म्हणजे गूळ! शंकूच्या आकाराचा, पण गूळच. दोस्तानं एक ढेप हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाला, शाहू मार्केट यार्डात आलोय. हामाइका नावाचं लाल थंडगार सरबत सगळीकडं मिळतं, ते लाल अंबाडीच्या फुलांचं.

आता शाकाहारी दोस्तासाठी, हे नीट वाचा. ‘सोय वेहेतारियानो’ एवढं म्हणून भागत नाही (बाई असेल तर वेहेतारियाना). घेवड्याचा जो घोटलेला फ्रिहोलेस असतो त्यात बऱ्याचदा डुकराची चरबी असते, तिला मान्तेका म्हणतात, तामालच्या म्हणजे पानात गुंडाळून उकडलेल्या मक्याच्या वड्यांच्या पिठात पण ती घालतात, भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो, आणि वाहाकात त्लायुदा, मेमेला या मक्याच्या भाकऱ्यांवर आसिएन्तो म्हणून चरबीचाच लेप देतात. म्हणून ही वाक्यं मोबाईलवर नाही, कार्डावर लिहून खिशात ठेवायची: सिन कार्ने, मांस नको. सिन पोयो, कोंबडी नको. सिन मान्तेका, सिन आसिएन्तो, चरबी नको. सिन काल्दो दे पोयो, कोंबडीचं पाणी नको. आमच्या दोस्तानं असं कार्ड टपरीवाल्या मावशीला दाखवलं की ती वाचायची, मान हलवायची आणि यातलं हे, हे खा म्हणून बोट दाखवायची, एकदा तर तिनं तवा धुवून घेतला.

त्याला काय मिळालं तर भोपळ्याची फुलं भरून दुमडलेली तोर्तिया म्हणजे केसादिया, निवडुंगाच्या पानांची भाजी म्हणजे नोपालेस, आत घेवडा भरलेले त्लाकोयो, मक्याच्या दाण्यांचे एस्कितेस, आणि वित्लाकोचे म्हणजे मक्यावर येणारी काळी बुरशी, नावावर जाऊ नका, अळंबीसारखी लागते. एक लक्षात ठेवा, राजधानीत केसादिया म्हटलं तरी त्यात चीज असेलच असं नाही, ‘कोन केसो’ म्हणावं लागतं. मांसाहारी माणसाला काही शिकवायची गरज नाही, पण वाहाकाच्या २० दे नोविएम्ब्रे बाजारात धुरानं भरलेली एक गल्ली आहे, दोन्ही बाजूला निखाऱ्यावर गाईच्या आणि डुकराच्या मांसाच्या पातळ चादरी भाजत असतात, तिथं जरूर जा. दोस्त त्या वेळात बाहेर बसून चॉकलेटचं पाणी पीत होता, त्याला आत ओढू नका.

दुपारी दोन ते चार जेवायची वेळ, तेव्हा कोमिदा कोरिदा मागा, म्हणजे तिथली थाळी, सूप, भात, मुख्य पदार्थ आणि सरबत, छोट्या खानावळीत शंभर पेसोच्या आसपास भागतं. टेबलावरच्या साल्सा म्हणजे चटण्या चाखताना ‘पिका?’ विचारायचं, तिखट आहे का. तिखटाचा आपल्याला अभिमान असतो तो मेरिदात जरा आवरा, तिथली आबानेरो मिरची लवंगीपेक्षा वेगळ्या जातीची आहे, आधी थेंबभर.

बस, मेट्रो आणि रात्री

लांबच्या बस चांगल्या आहेत, आपल्या व्होल्वोसारख्या, दक्षिणेकडं एडीओ नावाची मोठी कंपनी. परदेशी कार्ड ऑनलाइन चाललं नाही तर स्टँडवर जाऊन खिडकीवर तिकीट काढा, स्क्रीनवर सीट दाखवतात. मेक्सिको सिटीला दिशेप्रमाणं चार मोठे स्टँड आहेत, वाहाकाला जायला पूर्वेचा तापो, तेओतिवाकानला उत्तरेचा, चुकीच्या स्टँडला गेलात तर अर्धा दिवस गेला. वाहाकापर्यंत साधारण साडेसहा-सात तास, ते दिवसा करा. सान क्रिस्तोबालहून पालेंकेला ओकोसिंगोच्या घाटातल्या रस्त्यावर गावकरी अधूनमधून रस्ता अडवतात, बस लांबच्या वळणानं जाते, जाऊ दे, शॉर्टकटची गाडी करू नका. पालेंकेहून पुढं २०२३ च्या डिसेंबरात सुरू झालेली माया रेल्वे पण आहे.

राजधानीतली मेट्रो ५ पेसोत कुठंही नेते. १९६९ मध्ये सुरू झाली तेव्हा ज्यांना वाचता येत नाही त्यांना पण कळावं म्हणून प्रत्येक स्टेशनाला एक चित्र दिलं, टोळ, घंटा, बदक असं, आपल्यासारख्या स्पॅनिश न येणाऱ्याला ते फार उपयोगी पडतं. गर्दीत खिसा सांभाळा, पुढचे डबे बायका-मुलांसाठी राखीव असतात.

गोळीबाराचं विचारतात त्यांना सरळ सांगतो, धोका आहे, पण सगळीकडं सारखा नाही. सिनालोआ, तामाउलिपास, गेरेरो, मिचोआकान, कोलिमा, साकातेकास ही राज्यं पहिल्या ट्रिपला घ्यायचीच नाहीत. युकातान, जिथं मेरिदा आहे, ते सगळ्यात शांत राज्यांपैकी एक, आम्ही रात्री दहाला चौकात बसून आईसक्रीम खाल्लं. रात्री अनोळखी गल्लीत चालू नका, गाडी भाड्यानं घेऊन अंधारात चालवू नका, दारू पिऊन भांडण काढू नका. अडचणीत नंबर ९११. आणि राजधानीत खांबावरच्या भोंग्यातनं विचित्र आवाज आला तर तो भूकंपाचा इशारा, हातातलं टाकून इतर लोक जातात तसं बाहेर पडा. १९८५ आणि २०१७ असे दोन मोठे भूकंप तिथं १९ सप्टेंबरलाच झालेत. कोयनेचा ६७ चा धक्का आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना अजून आठवतो, त्यांना कळेल मी का सांगतोय.

सहा ठिकाणं जी चुकवू नयेत

मानववंशशास्त्र संग्रहालय, चापुल्तेपेक बागेत, पूर्ण दिवस द्या, सोमवारी बंद. फ्रिडा काहलो या चित्रकार बाईचं निळं घर बघायचं असलं तर तिकीट ऑनलाइन आधीच काढा, दारात मिळेल या भरवशावर राहू नका.

पण मराठी माणसानं जावं ते शिक्षण खात्याच्या जुन्या इमारतीत, मेक्सिकोचा मोठा चित्रकार दिएगो रिवेरा याची भित्तिचित्रं बघायला. त्यातल्या एका चित्रात टेबलावर लोकांना भाकरी वाटणारा माणूस आहे तो पांडुरंग सदाशिव खानखोजे यांच्यावरनं काढलेला. वर्ध्याचे, गदर पक्षाच्या संस्थापकांपैकी, इंग्रज मागं लागलेले, देश फिरत फिरत मेक्सिकोत पोचले आणि चापिंगोच्या शेती शाळेत प्राध्यापक झाले, मक्याच्या वाणांवर काम केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. २०२२ मध्ये चापिंगोला त्यांचा पुतळा बसवला. स्वातंत्र्यानंतर परत आले, १९६७ मध्ये नागपुरात वारले. आम्हाला शाळेत कुणी हे नाव सांगितलं नव्हतं. दोस्त शेतकऱ्याच्या घरातला, तो त्या चित्रासमोरनं हलेना. जायच्या आधी त्यांच्याबद्दल दोघांनी वाचून जा.

शुक्रवारी रात्री आरेना मेहिकोत लुचा लिब्रे, मुखवटे घालून कुस्ती. खासबागच्या मातीवर वाढलेल्याला आधी वाटेल ही नुरा कुस्ती, आणि ठरलेली असतेच, पण दोरीवरनं उडी मारणाऱ्या त्या पैलवानाचं अंग बघा, ती मेहनत खोटी नाही. जाताना-येताना टॅक्सी करा.

सान क्रिस्तोबालजवळ चामुला गावातलं देऊळ म्हणा, चर्च म्हणा, जमिनीवर पाइनची पानं पसरलेली, शेकडो मेणबत्त्या, लोक खाली बसून पुटपुटत प्रार्थना करतात. आत फोटो काढायला सक्त मनाई आहे. अंबाबाईच्या गाभाऱ्यात कुणी परक्यानं येऊन कॅमेरा रोखला तर कसं वाटेल तेवढा विचार करा आणि फोन खिशात ठेवा.

चिचेन इत्साला वायादोलीदहून सकाळी पहिल्या गाडीनं जा, दहानंतर कानकूनच्या बसगाड्या येतात. मार्च आणि सप्टेंबरात दिवस-रात्र समान असतात तेव्हा पिरॅमिडच्या पायऱ्यांवर सावलीचा साप उतरल्यासारखा दिसतो. किरणोत्सव बघत लहानाचे मोठे झालेल्या माणसाला त्यामागचं गणित लगेच कळतं. वर चढायला बंदी आहे. जवळच सेनोते म्हणजे चुनखडी खचून झालेल्या नैसर्गिक विहिरी आहेत, पोहता येतं, अंगाला क्रीम लावून उतरू नका, ते पाणी खराब होतं.

परत येताना

शेवटचा हिशोब कानकूनच्या विमानतळावर बसून मिटवा, उरलेले पेसो तिथंच खर्चा, नाणी इकडं कुणी बदलून देत नाही. मिरच्या, चॉकलेट, वाहाकाच्या तेओतितलानमधल्या मागावरचा गालिचा (इचलकरंजीच्या पाहुण्यांना दाखवायला आम्ही एक छोटा घेतला) हे सगळं मोठ्या बॅगेत तळाला. आणि मुंबईत उतराल त्याच दिवशीचं महालक्ष्मीचं तिकीट काढू नका, विमान उशिरा आलं तर गेलं, दुसऱ्या दिवशीचं काढा, दोघांच्या सीट शेजारी शेजारी.